एका तोंडाची बातमी

रविवारी जेवायला अर्जंट येणार आहे, हे ताईने दादाला मुद्दामच सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं, तर दादाला नेमकं त्याच दुपारी कुणाला तरी भेटायला जायचं असतं.

अर्जंट हा त्या दोघांचा धाकटा भाऊ. तो दिवस भरायच्या आधीच जन्माला आला, तेव्हा सरकारी तारऑफिसात नोकरीला असलेले बाबा म्हणाले होते, "ही साधी तार नाही, ही अर्जंट." नाव चिकटलं ते चिकटलंच. गेल्या वर्षी तो घरची एजन्सी सोडून मोठ्या एजन्सीत बातमीदार म्हणून लागला आणि दादाने त्याच्याशी बोलणं टाकलं. मोठी एजन्सी म्हणजे राज्य करणाऱ्या साहेबाच्या देशातली. समुद्राखालून येणारी तार तिची, सरकारी कचेऱ्या तिच्या, गव्हर्नराच्या बागेतल्या चहाचं आमंत्रणही तिचंच. घरची एजन्सी म्हणजे बेकरीच्या वरच्या मजल्यावरची एक लांबट खोली, थोडे टाइपरायटर, एक फोन आणि बातम्यांचे कागद घेऊन वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांकडे सायकली पिटाळणारी माणसं. मागच्या खोल्यांत कुटुंब राहायचं. जेवायचं आणि बातम्यांचं टेबल एकच होतं. जेवायच्या वेळी टाइपरायटर खिडकीत जायचे, आणि ताटं उचलली की परत टेबलावर यायचे. शाईचा डाग नसलेला चमचा त्या घरात सापडला नसता.

अर्जंट नेहमीसारखा दोन-दोन पायऱ्या चढत वर आला. दादाने वर्तमानपत्र उघडून चेहऱ्यापुढे धरलं. बाबांनी धाकट्याला जवळ बोलावलं, त्याचा दंड दाबून पाहिला आणि म्हणाले, "मोठ्या एजन्सीत खायला घालतात की नाही?"

"बातम्याच खायला घालतात, बाबा. वहिनी कुठंय?"

"तिच्या मावशीकडे गेलीय, गोदीपलीकडे," ताई म्हणाली. "मावशीचा ताप उतरत नाहीये. जेवायला येते म्हणालीय."

"चला, म्हणजे आज गोष्ट ऐकायला मिळणार."

वर्तमानपत्रामागून दादासुद्धा हसला, ते कागद हलल्यावरून कळलं. त्याच्या बायकोच्या गोष्टींवर अख्खी आळी जगत होती. गेल्याच महिन्यात तिला स्वयंपाकघरात उंदीर दिसला होता. दुपारपर्यंत तो मांजराएवढा झाला, आणि संध्याकाळी बेकरीवाल्याची बायको तिला विचारायला आली, की त्याने खरंच तुमच्याकडे बघून दात विचकले का. बाबा म्हणत, "सूनबाईच्या गोष्टीतून अर्धं काढून टाकलं, की बातमी उरते."

तिच्यासाठी थोडं थांबून मग ताईने वाढायला घेतलं. रस्सा निवत होता. दादाने वर्तमानपत्राची घडी केली आणि घसा साफ केला. ताईला तो आवाज ओळखीचा होता. लहानपणी परीक्षेत पहिला नंबर आला की तो असाच घसा साफ करायचा.

"सगळे आहेतच, तर सांगून टाकतो," दादा म्हणाला. धाकट्याकडे न बघता 'सगळे' म्हणायची कसरत त्याने व्यवस्थित केली. "सरकारशी करार झालाय. उद्यापासून सगळ्या सरकारी कचेऱ्या आपली सेवा घेणार. आणि टेलिप्रिंटर मंजूर झालाय. आपल्याला. या खोलीत."

तारेवरून आलेली बातमी आपोआप टाइप करणारं ते यंत्र हे या घरातलं जुनं स्वप्न होतं. खोलीचा एक कोपरा त्याच्यासाठी वर्षानुवर्षं मोकळा ठेवलेला होता, आणि तिथे छत्री ठेवणाऱ्याला ओरडा बसायचा.

"अट काय?" ताईने विचारलं. एजन्सीत येणारा प्रत्येक कागद तिच्या हाताखालून जायचा. चांगल्या बातमीचं शेवटचं वाक्य आधी वाचायची तिची सवय होती.

"अट कसली? माहितीखात्याचा सल्ला विचारात घ्यायचा, एवढंच."

"विचारात घ्यायचा म्हणजे?"

"म्हणजे फोन येतो," अर्जंट म्हणाला. "आमच्याकडे रोज येतो. गोडसाहेबाचा. आधी मुलाबाळांची चौकशी करतो, हवापाण्याचं बोलतो, आणि मग म्हणतो, तेवढी एक बातमी जरा थांबवली तर बरं."

गोडसाहेब हे माहिती अधिकाऱ्याला गावातल्या सगळ्या बातमीदारांनी मिळून दिलेलं नाव होतं.

"तू बोलू नकोस," दादा वर्षभरात पहिल्यांदाच त्याला उद्देशून म्हणाला. "तू त्यांचा पगार खातोस."

"म्हणूनच सांगतोय. खातोय, त्यामुळे चव माहीत आहे."

"बाबा, तुम्ही सांगा ना याला," ताई म्हणाली.

सगळ्यांनी म्हाताऱ्याकडे पाहिलं. उत्तर काय येणार, याची ताईला खात्री होती. बाबा तारऑफिसात होते तेव्हाची हकिगत तिघांना पाठ होती. नदीला पूर आला होता, गावंच्या गावं पाण्याखाली होती, आणि त्याच दिवशी समुद्रापलीकडून मोठ्या एजन्सीची तार आली होती, की राजाच्या भाचीला सर्दी झाली आहे. बाबांनी स्वतःच्या हाताने ती सर्दी सगळ्या वर्तमानपत्रांकडे पाठवली. सर्दी पहिल्या पानावर छापून आली. पुराची बातमी यायला आणखी चार दिवस लागले, कारण ती पाठवणं हे कुणाचंच काम नव्हतं. त्याच आठवड्यात बाबांनी नोकरी सोडली, बेकरीच्या वरची खोली घेतली, आणि इथल्या बातम्या इथल्या माणसांना देणारी पहिली एजन्सी सुरू झाली.

"दादाचं बरोबर आहे," बाबा म्हणाले.

ताईच्या हातातला डाव भांड्यातच राहिला.

"मी हट्ट केला," बाबा सावकाश म्हणाले, "आणि तो निभावला यानं. मी बाहेर लोकांच्या शाबासक्या घेत होतो तेव्हा हा थकलेल्या भाड्यासाठी खालच्या बेकरीवाल्याची समजूत घालत होता. याला कधी कुणी शाबासकी दिली नाही. आता त्याला जरा नीट श्वास घ्यावासा वाटला तर मी नाही म्हणणार नाही. खुर्ची त्याची आहे."

दादाने मान खाली घातली आणि उगाचच भात कालवत बसला. त्याची भांडणाची तयारी होती. शाबासकीची नव्हती.

तेवढ्यात फोन वाजला.

*

दादाने फोन घेतला तेव्हा त्याचे कान अजून गरम होते. पलीकडे गोडसाहेब होता. त्याने वडिलांच्या गुडघ्यांची चौकशी केली, उद्याच्या कराराबद्दल अभिनंदन केलं आणि मग म्हणाला, की गोदीच्या फाटकाशी संपवाल्यांनी थोडी गडबड केली. जमाव पांगवायला शिपायांनी हवेत गोळ्या झाडल्या. कुणालाही इजा नाही. शहरात उगाच अफवा उठू नयेत, तेव्हा एवढंच जाऊ द्यावं, बाकी काही कानावर आलं तर सरकारी निवेदन येईपर्यंत थांबवावं.

"अगदी," दादा म्हणाला. "आभारी आहे."

आभार त्याने मनापासून मानले होते. इतकी वर्षं गोदीवर काही झालं, की घरच्या एजन्सीला ते मोठ्या एजन्सीच्या कागदावरून कळायचं. आज अधिकाऱ्याने स्वतः फोन केला होता. त्याने ताट बाजूला सारलं, खिडकीतला टाइपरायटर ओढला आणि दोन ओळी टाइप केल्या.

"हवेत?" अर्जंट त्याच्या खांद्यावरून वाचत होता.

"हवेत."

"किती शिपाई होते? संपवाले काय म्हणतात?"

"तुझ्या एजन्सीला विचार. त्यांनाही हाच फोन गेला असेल."

"गेलाच असेल. तेच तर म्हणतोय मी!"

ताई मध्ये पडली. "थांबा रे दोघं. दादा, वहिनी त्याच वाटेनं येणार आहे."

दादाची बोटं टाइपरायटरवर थांबली. हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. जिन्यावर पावलं वाजली, हळू, एक-एक पायरी घेत, आणि दारात त्याची बायको उभी राहिली. केस सुटलेले होते. उजव्या बाहीवर कोपरापर्यंत रक्त होतं.

"हे माझं नाही," ती आधी म्हणाली, सगळ्यांचे चेहरे बघून.

ताईने धावत जाऊन तिला खुर्चीवर बसवलं. पाणी दिलं. तिने सगळं पाणी प्यायलं आणि भांडं हातातच धरून ठेवलं.

"गोळ्या घातल्या," ती म्हणाली. "बसलेल्या माणसांवर."

दादा उठून तिच्याजवळ गेला. मग परत वळला, टेबलावरचा कागद आणि पेन्सिल घेतली, आणि तिच्यासमोर खुर्ची ओढून बसला.

"तू कुठे होतीस?"

*

त्याने पेन्सिल घेतली तेव्हा तिला राग आला नाही. राग नंतर येईल असं तिला वाटलं. आत्ता उलट बरं वाटलं. समोर प्रश्न होते, आणि एकेका प्रश्नाला धरून चालता येत होतं.

"मोठ्या फाटकासमोर. साबणाचं दुकान आहे ना, त्याच्या पायरीवर."

"पायरीवर का?"

"ट्राम बंद होती. पुढे रस्ताभर माणसं बसलेली. वाट मिळेना, म्हणून थांबले."

"बसलेली? उभी नव्हती?"

"बसलेली. काही जण डबा खात होते."

"दगड मारले कुणी?"

"मी पाहिले नाहीत."

"म्हणजे मारले नाहीत?"

"म्हणजे मी पाहिले नाहीत."

दादाने मान वर केली. अर्जंट आणि ताईने एकमेकांकडे पाहिलं. ही त्यांची वहिनी नव्हती. त्यांच्या वहिनीने एव्हाना दगडांचा पाऊस पाडला असता, शिपायांना मिशा लावल्या असत्या, आणि त्यातल्या एकाने तिच्याकडे बघून दात विचकले असते.

तिलाही ते जाणवत होतं. गोष्ट सांगायला लागलं, की तिच्या जिभेवर आपोआप चार शब्द जास्तीचे यायचे. आज येत नव्हते. आज जे पाहिलं होतं त्याला आणखी काही जोडायचं म्हटलं तर अंगावर काटा येत होता.

"गोळ्या हवेत झाडल्या?"

"पहिली कुठे गेली, माहीत नाही. मी आवाजानं वळले. नंतर बंदुका खाली होत्या. या अशा." तिने हात छातीच्या रेषेत आडवा धरला.

"किती माणसं पडली?"

"दोघं पडताना दिसले. मग सगळे धावायला लागले, मला पुढचं दिसलं नाही. धावणाऱ्यांतला एक माझ्या पायरीपर्यंत आला आणि तिथे पडला. त्याचं डोकं मी मांडीवर घेतलं."

"जिवंत होता?"

"आधी होता."

पेन्सिल थांबली. खालून बेकरीच्या भट्टीचं दार लावल्याचा आवाज आला.

"काही बोलला?" दादाने विचारलं. त्याचा आवाज आता खाली आला होता.

"डबा बाजूला घ्या म्हणाला. त्याचा डबा रस्त्यात सांडला होता. म्हणाला, कुणीतरी पाय अडकून पडेल."

ताई उठून खिडकीशी गेली आणि पाठमोरी उभी राहिली. दादाने ते वाक्य लिहिलं. मघाशी टाइप केलेला कागद टाइपरायटरमधून ओढून काढला, पण फाडला नाही. दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि तो वडिलांकडे बघू लागला.

"एका तोंडाची बातमी आहे," बाबा म्हणाले.

ताई गर्रकन वळली. "बाबा! तुम्हाला वहिनीचा शब्द पुरत नाही?"

"मला पुरतो. पण एजन्सीत पहिल्या दिवसापासून नियम आहे, डोळ्यांनी पाहिलेलं असलं तरी एका माणसाच्या सांगण्यावर बातमी जात नाही. दुसरं तोंड लागतं. आज ती आपली सून आहे म्हणून नियम मोडला, तर उद्या सरकार काय म्हणेल? घरातल्या बाईनं जेवणाच्या टेबलावर सांगितलेली गोष्ट छापली."

"गोडसाहेबाचं एक तोंड मात्र लगेच टाइप झालं होतं!" ताई म्हणाली.

तो घाव दादाला लागला.

"ताई, बाबा बरोबर म्हणताहेत," वहिनी म्हणाली. "माझा उंदीर आठवा."

कुणाला हसू आलं नाही, पण बाबांनी हात लांब करून सुनेच्या डोक्यावर ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला.

अर्जंट केव्हाच कोट चढवत होता. "जखमींना सरकारी इस्पितळातच नेलं असणार. तिथे माझा शाळेतला दोस्त डॉक्टर आहे."

"तू कुणासाठी चाललायस?" दादाने विचारलं. "त्यांच्यासाठी की आपल्यासाठी?"

अर्जंट जिन्याच्या तोंडाशी थांबला. "खरं सांगू? तिथे पोहोचल्यावर कळेल."

*

इस्पितळाच्या पुढच्या दाराशी शिपाई होते. अर्जंट मागच्या धुलाईघरातून आत शिरला. शाळेत डबे पळवताना हाच दोस्त त्याच्या बरोबर असायचा. आज तो वॉर्डातल्या फरशीवर गुडघे टेकून कुणाच्या तरी मांडीला पट्टी आवळत होता. खाटा संपल्या होत्या. माणसं चादरींवर, सतरंज्यांवर निजवलेली होती.

"तू बातमीदार म्हणून आला असशील तर मला वेळ नाही," डॉक्टर वर न बघता म्हणाला. "माणूस म्हणून आला असशील तर ही पट्टी धर."

अर्जंटने पट्टी धरली. गाठ बसल्यावर डॉक्टरने हनुवटीने मागच्या व्हरांड्याकडे खूण केली. "तिथे जे गेले, ते आहेत. माझ्या तोंडून आकडा घेऊ नकोस. स्वतः बघ."

त्याने पाहिलं. चादरी पुरल्या नव्हत्या. एकाच्या तोंडावर कुणीतरी वर्तमानपत्र पसरलं होतं. ते सकाळचं होतं, आणि त्यातली निम्मी पानं मोठ्या एजन्सीच्या बातम्यांची होती.

औषधाच्या खोलीत फोन होता. त्याने आधी आपल्याच कचेरीला फोन लावला. ज्यांचा पगार घेतो त्यांना आधी सांगायचं, हे त्याला बाबांनीच शिकवलं होतं. डेस्कवरच्या मुख्य माणसाने सगळं ऐकून घेतलं.

"सरकारी निवेदन केव्हाच गेलंय," तो म्हणाला. "कुणालाही इजा नाही."

"साहेब, मी सात प्रेतांसमोरून आलोय."

"तुम्ही आज सुट्टीवर आहात."

"हो."

"मग सुट्टीवर राहा."

अर्जंटने फोनकडे पाहिलं. त्याला ती नोकरी आवडत होती. मोठी टेबलं, समुद्रापलीकडून येणाऱ्या तारेच्या कागदी पट्ट्या, सगळ्या जगाची खबर आपल्या बोटांखालून जाते ही भावना. दादाने त्याला कधीच विचारलं नव्हतं, की तू का गेलास. विचारलं असतं तर त्याने हेच सांगितलं असतं.

"बरं," तो म्हणाला. "मग उद्यापासूनही सुट्टीवरच धरा."

त्याने फोन ठेवला, परत उचलला आणि घरचा नंबर मागितला.

"दादा, लिहून घे."

"सांग."

वर्षभराचा अबोला एवढ्यावर संपला, हे दोघांच्याही तेव्हा लक्षात आलं नाही.

"इस्पितळात सात मृत. सगळ्यांना गोळीच्या जखमा. बऱ्याच जणांच्या पाठीत. जखमी तीसच्या आसपास, आकडा नक्की नाही."

"मृत तू स्वतः मोजलेस?"

"स्वतः."

"परत मोज."

"दादा, मी—"

"परत मोज. मी फोन धरतो."

अर्जंट शिव्या देत गेला. परत आला तेव्हा त्याचा आवाज बदललेला होता.

"आठ."

"मघाशी सात म्हणालास."

"मघाशी सातच होते."

*

दादाने बातमी हाताने लिहिली. पहिल्या वाक्यात आठ मृत, दुसऱ्यात इस्पितळ, तिसऱ्यात प्रत्यक्ष पाहणाऱ्या बाईचं म्हणणं, आणि शेवटी, जसाच्या तसा, सरकारचा दावा. ताईने दोन विशेषणं काढली. एका ठिकाणी त्याने 'निष्पाप' लिहिलं होतं. तिने तो शब्द खोडला आणि म्हणाली, "डबा राहू दे. तो पुरेसा आहे." दादाने मान हलवली. एरवी एका स्वल्पविरामावरून दोघांची अर्धी संध्याकाळ जायची.

मग त्याने फोन ओढला.

"कुणाला करतोयस?" ताईने घाबरून विचारलं.

"ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याला विचारायला नको?"

गोडसाहेबाने बातमी ऐकून घेतली. मग म्हणाला, की ही बातमी आज जाऊ नये. एजन्सीच्या हिताच्या दृष्टीने तो सांगत होता. टेलिप्रिंटर, करार, सगळंच अजून कच्चं होतं.

"हा आपला सल्ला समजू?" दादाने विचारलं.

"सल्लाच."

"विचारात घेतला," दादा म्हणाला आणि फोन ठेवला.

ताईने त्याच्याकडे असं पाहिलं, जसं ती लहानपणी त्याने भिंतीवरून उडी मारल्यावर पाहायची. त्याला मात्र, करार हातचा गेल्यावर उद्यापासून एजन्सीतल्या माणसांच्या चेहऱ्यांकडे कसं बघायचं, हा प्रश्न पडला होता.

शहरातल्या वर्तमानपत्रांकडे सायकली निघाल्या. बाहेरगावच्या वर्तमानपत्रांना तारा कराव्या लागणार होत्या, आणि तारऑफिस सरकारचं होतं.

"काठी द्या माझी," बाबा म्हणाले.

"तुमचे गुडघे, बाबा—"

"गुडघ्यांची चौकशी गोडसाहेबानं केलीय. आता तू करू नकोस."

ताईच्या खांद्यावर हात ठेवून ते जिना उतरले. तारऑफिसच्या खिडकीमागे पांढऱ्या केसांचा एक कारकून होता. बाबांनी त्याला उमेदवारीच्या काळात तारेच्या यंत्राचं कट्ट-कडकट्ट शिकवलं होतं. त्याने पहिल्या तारेवर नजर टाकली, मग मास्तरांकडे पाहिलं, मग मागे बसलेल्या गोऱ्या अधिकाऱ्याकडे. तो अधिकारी चहा ढवळत होता.

"मास्तर," कारकून हळू आवाजात म्हणाला, "मी शब्द मोजतो. वाचत नाही."

आणि त्याने पेन्सिलीने एकेका शब्दावर टिंब द्यायला सुरुवात केली. एका शब्दावर ते टिंब जरा जास्त वेळ रेंगाळलं. ताई सांगते, तो शब्द 'डबा' होता, पण हे एका तोंडाचं आहे.

सोमवारी शहरातल्या सगळ्या देशी वर्तमानपत्रांनी ती बातमी पहिल्या पानावर छापली. मोठ्या एजन्सीने कुणालाही इजा नसल्याचं सांगितलं, आणि मंगळवारी सरकारनेच दुसरं निवेदन काढून आठ मृत असल्याचं मान्य केलं, तेव्हा तिनेही ते मान्य केलं. करार आला नाही. टेलिप्रिंटरच्या कोपऱ्यात अर्जंटने आपलं टेबल मांडलं, आणि तिथे छत्री ठेवणाऱ्याला तो ओरडू लागला. गोडसाहेबाचा फोन परत कधी आला नाही, आणि त्या वर्षी घरच्या एजन्सीकडे मात्र इतकी नवीन वर्तमानपत्रं आली, की ती मोजायला दादालाही वेळ नव्हता.

पण हे सगळं नंतरचं. त्या रविवारी संध्याकाळी, सायकली गेल्यावर, अर्जंट इस्पितळातून परतायच्या आधी आणि ताई-बाबा तारऑफिसात असताना, खोलीत दादा आणि त्याची बायको दोघंच उरली. टेबलावर न खाल्लेला भात सुकला होता. खिडकीतून पिवळा उजेड येत होता. तिने बाही धुऊन टाकली होती, पण डाग पूर्ण गेला नव्हता.

"चहा टाकते," ती म्हणाली आणि उठली. दोन पावलं चालली आणि तिने टेबलाची कड पकडली.

"काय झालं?"

"काही नाही."

तो खाली वाकला. तिच्या डाव्या पायाच्या तळव्यात काचेचा तुकडा रुतला होता आणि भोवती रक्त वाळलं होतं. साबणाच्या दुकानाची काच गोळीबारात फुटली असणार, त्यातला. त्याच पायाने ती गोदीपासून चालत आली होती, जिना चढली होती आणि त्याच्यासमोर बसून एकेका प्रश्नाचं उत्तर दिलं होतं.

"अगं, हे आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

त्याने तिला खुर्चीवर बसवलं, मोरीतून घंगाळ आणलं, पाणी कोमट केलं. फरशीवर बसून तिचा पाय मांडीवर घेतला आणि दिव्याखाली धरून काच शोधू लागला. चष्मा कपाळावर सरकवला, परत खाली घेतला. मोठी बातमी हातात आली की तो असाच करायचा.

काच निघाली. तिने ओठ आवळून धरले होते.

"दुखतंय?" त्याने विचारलं.

तिने त्याच्याकडे पाहिलं. "हे एजन्सीसाठी विचारताय, की घरासाठी?"

"घरासाठी."

"मग खूप दुखतंय," ती म्हणाली, आणि दुपारपासून पहिल्यांदा रडली.